यवतमाळ जिल्ह्यातील कुमारी मातांचा प्रश्न : तीन पिढ्यांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
यवतमाळ जिल्ह्यातील झरी-जामणी, मारेगाव व केळापूर या तालुक्यांत कोलाम व गोंड समाजाची वस्ती आहे. येथील अविवाहित, बहुधा अल्पवयीन मातांचा प्रश्न 'कुमारी माता' या नावाने परिचित आहे. या संज्ञेत मुलीचे अविवाहित असणे नोंदविले जाते. पित्याची जबाबदारी मात्र अनुल्लेखित राहते. प्रस्तुत निबंधात हा प्रश्न पिढ्यांच्या संदर्भात तपासला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढे राखीव जंगलांच्या सीमा आखल्या गेल्या आणि कोलामांच्या फिरत्या शेतीवर निर्बंध आले. जंगलाचा आधार तुटल्याने पोडावरील कुटुंबे मजुरीकडे वळली. ठेकेदार, व्यापारी व बाहेरून आलेले कामगार यांच्याशी संबंध वाढला तो याच परावलंबनातून. लग्नाचे आमिष दाखवून झालेल्या फसवणुकीची मुळे आदिवासी रूढींत नव्हे, तर या विषम संबंधांत शोधावी लागतात.

तीन पिढ्यांवरील परिणाम :
पुरुष निघून जातो. मूल आजीच्या पदरी वाढते. उतारवयातील आजीला पुन्हा मजुरीस जावे लागते, तर मातेचे शिक्षण थांबते. १९७८ च्या दुरुस्तीने मुलीचे विवाहाचे किमान वय १८ झाले. परंतु जेथे विवाहच झालेला नाही, तेथे बालविवाहविरोधी कायदा निरुपयोगी ठरतो. २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने अशा संबंधांना गुन्हा ठरविले. तथापि शिक्षेने मुलाच्या पोषणाचा प्रश्न सुटत नाही.

तिसऱ्या पिढीची अडचण कागदपत्रांची असते. जातीचा दाखला पित्याकडील पुराव्यांवर अवलंबून असल्यास आदिवासी मातेचे मूल सवलतींना मुकते. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी माता व बिगर-आदिवासी पिता यांच्या अपत्याची जात केवळ पित्यावरून ठरविता येत नाही, मातेच्या समाजात वाढल्याचा पुरावा देता येतो, असे स्पष्ट केले. २०१५ च्या निर्णयाने अविवाहित मातेस पित्याचे नाव उघड न करता पालकत्व मागण्याची मुभा दिली.

निष्कर्ष :
हा प्रश्न मुलींच्या वर्तनाचा नसून जमीन, जंगल, मजुरी व कागद यांचा आहे. म्हणून आजीला आधार, मातेला शिक्षण आणि अपत्याला मातेच्या नावावर ओळख या तिन्ही गोष्टी एकत्रच विचारात घ्याव्या लागतील. यांपैकी एक जरी सुटली, तरी पूर्वीची परवड पुढील पिढीच्या वाट्याला येण्याचा धोका कायम राहतो.