पेटंटची वेस : फाळक्यांच्या कॅमेऱ्यापासून एमपीथ्रीपर्यंत

१/ ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली मुंबईत झळकला आणि त्याच वर्षी दादासाहेब फाळक्यांनी आपले बिऱ्हाड नाशिकला हलवले. त्यांचा विल्यमसन कॅमेरा मात्र लंडनचा, १९१२ साली विकत घेतलेला. तिथे असे कॅमेरे खुल्या बाजारात मिळत. यामागे पेटंटचा इतिहास आहे.

२/ एडिसनने किनेटोस्कोपचे पेटंट अमेरिकेत घेतले, इंग्लंडमध्ये नाही. त्यामुळे १८९४-९५ च्या सुमारास लंडनच्या रॉबर्ट पॉलने त्याच्या प्रतिकृती बनवल्या, पुढे कॅमेराही घडवला. कायदा आड आला नाही.

३/ अमेरिकेत चित्र उलटे होते. १९०८ च्या डिसेंबरात मोशन पिक्चर पेटंट्स कंपनी स्थापन झाली. चित्रपटगृहाला प्रक्षेपकामागे आठवड्याला २ डॉलर भरावे लागत. ईस्टमन कोडॅकची कोरी फिल्म सुरुवातीला केवळ परवानाधारकांनाच मिळे. १९१५ साली न्यायालयाने ही मक्तेदारी बेकायदा ठरवली.

४/ शतकाच्या अखेरीस हाच प्रश्न ध्वनीच्या बाबतीत उभा राहिला. एमपीथ्रीच्या जडणघडणीत जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेचा मोठा वाटा. १९९८ साली तिने एमपीथ्री बनवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरच्या कर्त्यांकडेही परवाना शुल्क मागितले. हे शुल्क बहुधा प्रतीमागे आकारले जाई. पण मुक्त प्रणालीची प्रत कोणीही कोणालाही देऊ शकतो. मग प्रती मोजायच्या कोणी आणि पैसे भरायचे कोणी?

५/ अखेर २००२ साली अमेरिकेतील रेड हॅटने लिनक्सच्या ८.० आवृत्तीतून एमपीथ्रीची सोय काढून टाकली.

६/ भारतात निराळे घडले. निव्वळ संगणक प्रोग्रॅमला पेटंट नाही, अशी तरतूद २००२ च्या दुरुस्तीने आली. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशाने ती सैल केली. २००५ साली संसदेने तो बदल वगळला.

७/ तरीही अमेरिकी कायद्याच्या धास्तीने गाळलेली सोय नाशिकमधल्या संगणकावरही गाळलेलीच राहिली. गाणे ऐकण्यासाठी जादा सॉफ्टवेअर शोधून बसवावे लागे. फाळक्यांच्या काळी पेटंटची सत्ता देशाच्या वेशीवर थांबत असे. आता ती प्रणालीच्या प्रतीबरोबर, कायद्याचा आधार नसतानाही, वेस ओलांडू लागली होती.

८/ पेटंटची मुदत संपत आली तेव्हा कुलूप निघाले. एप्रिल २०१७ मध्ये फ्राउनहोफरचा परवाना कार्यक्रम थांबला. रेड हॅटच्याच पाठबळावरील फेडोरा प्रणालीत २०१६-१७ दरम्यान एमपीथ्री वाजवण्याची आणि बनवण्याची सोय अधिकृतपणे आली. रेड हॅटने ती काढून टाकल्याला तेव्हा जवळजवळ १५ वर्षे झाली होती.