मॉरिशसची दालपुरी

२ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजाने ३६ करारबद्ध हिंदी मजूर मॉरिशस बेटावर उतरले. पुढे मुंबई बंदरातून मराठी कुटुंबेही तेथील उसाच्या मळ्यांत गेली. बिहारी बांधवांनी नेलेली दालपुरी तेथे सर्वांचीच झाली. पिवळी डाळ शिजवून, वाटून, जिरे-हळद घालून तिचे कोरडे पुरण करितात. डाळीच्या पाण्यातच मैदा भिजवितात. पोळी पातळ लाटून तव्यावर भाजितात. सोबत टोमॅटोचा रस्सा व डबल बीची आमटी असते. गूळ वगळला, तर ही आपल्या पुरणपोळीचीच बहीण होय! समुद्रापार हे ज्ञान मातांच्या हातांनी टिकले. ज्ञातिबंधुभगिनींनो, आपल्या घरची रीतही मुलामुलींस वेळीच शिकवावी. हात थांबले की वारसा संपतो.