नगरच्या किल्ल्यातले नेहरू



मे महिना लागला की आमच्या घरात कुरडया-पापडांच्या बरोबरीने एक आठवण हमखास निघते. २७ मे १९६४. त्या दिवशी दुपारी पंडित नेहरू गेल्याची बातमी रेडिओवर आली. सासूबाई तेव्हा नऊ-दहा वर्षांच्या होत्या. त्या सांगतात, दुकानं भराभर बंद झाली, घरातली मोठी माणसं रेडिओभोवती बसून राहिली. सूर्यास्ताआधीची जेवणाची वेळ टळून गेली आणि त्या रात्री सगळं घर न जेवता झोपलं. चौविहार होताच, त्या दिवशी उपवासही घडला. कुणी तो ठरवून केला नव्हता.

दिल्लीतल्या माणसासाठी नगरच्या एका जैन घरात एवढं दुःख का व्हावं? याचं उत्तर आपल्या भुईकोट किल्ल्यात आहे.

९ ऑगस्ट १९४२ ला पहाटे मुंबईत काँग्रेसच्या नेत्यांना पकडलं. गांधीजींना पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये नेलं आणि कार्यसमितीच्या बारा जणांना आपल्या नगरच्या किल्ल्यात आणलं. नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, पट्टाभी सीतारामय्या, सय्यद महमूद, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि आपल्या महाराष्ट्राचे शंकरराव देव. सुरुवातीला वर्तमानपत्रंही मिळत नव्हती. बाहेर देश पेटलेला होता आणि आत बातमी नाही.

या बारा जणांचा संसार कसा चालला असेल, हे मला बाई म्हणून फार वाटतं. मौलाना आझादांनी त्या दिवसांतली पत्रं ‘गुबार-ए-खातिर’मध्ये लिहून ठेवली आहेत. पहाटे तीन-चारला उठून ते स्वतःच्या हाताने चहा करत. खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी आधी त्यांचं भांडण झालं, मग मैत्री. स्वयंपाकाला बाहेरून एक आचारी आणला, तर तो बाहेर जाऊन काही बोलेल या भीतीने त्यालाही आतच ठेवलं. बिचारा कैद्यांचा स्वयंपाक करायला आला आणि स्वतःच कैदी झाला! एप्रिल १९४३ मध्ये मौलानांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्याला वारल्या. शेवटची भेटसुद्धा झाली नाही.

नेहरूंनी बागकाम धरलं. भर उन्हात ते वाफे खणत. जमीन दगडधोंड्यांची, जुन्या बांधकामांचे अवशेष मातीतून वर येत. चाँदबिबीने ज्या किल्ल्यातून मुघलांना तोंड दिलं तिथेच हा माणूस फुलझाडं लावत होता. मग एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत त्यांनी हाताने हजारभर पानं लिहिली. तेच ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’. सोबत्यांपैकी काहींनी ते वाचून सूचना केल्या. पुस्तक त्यांनी किल्ल्यातल्या याच सोबत्यांना अर्पण केलं. त्यात भगवान महावीरांबद्दलही लिहिलं आहे. सत्य हे पाहणाऱ्याच्या दृष्टीवर अवलंबून असतं, हा आपल्या दर्शनाचा विचार त्यांनी नोंदवला आहे. अनेकांतावरचे ते शब्द आपल्याच गावात, तुरुंगात बसून लिहिले गेले, याचं मला अप्रूप वाटतं.

आता मनातली गोष्ट सांगते. आजकाल मोबाइलवर रोज नेहरू विरुद्ध पटेल अशी भांडणं येतात. एकाला देव करायचं, दुसऱ्याला खलनायक. घरातली मुलं तेच वाचतात. त्यांना मी एवढंच सांगते की हे दोघं अडीच वर्षांहून अधिक काळ आपल्या गावात एका तुरुंगात राहिले. मतभेद होते, ते लपवायचं कारण नाही. १९६२ च्या चीन युद्धात नेहरूंच्या धोरणाचं अपयश देशाने सोसलं, तेही खरं. पण एक बाजू धरून दुसरी नाकारणं हा एकांत झाला, आणि आपल्याला शिकवण आहे ती अनेकांताची.

नेहरूंनी १९५४ मध्ये मृत्युपत्र लिहून ठेवलं होतं. आपल्यामागे धार्मिक विधी नकोत, मूठभर रक्षा प्रयागला गंगेत सोडावी आणि बाकीची विमानातून देशातल्या शेतांवर विखरावी, असं त्यात होतं. विधी झालेच, पण रक्षा मात्र जून १९६४ मध्ये खरोखर शेतांवर विखुरली गेली.

आम्ही स्थानकवासी, मूर्तीपूजा करत नाही. आपल्या नवकारात तर एकाही व्यक्तीचं नाव नाही, नमस्कार आहे तो गुणांना. नेत्याची आठवणही मला तशीच ठेवावीशी वाटते. तुरुंगात वेळ न दवडणं, खडकाळ जमिनीत वाफा करणं, वेगळ्या भाषेच्या, वेगळ्या धर्माच्या माणसांबरोबर एका पंगतीत दिवस काढणं, हे गुण घ्यावेत. जिथे चुकले तिथे चुकले म्हणावं, पण तोंडात कटू शब्द आणू नये. तोही हिंसाच.

किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. नेत्यांच्या खोल्या जपून ठेवल्या आहेत. प्रवेश खुला असेल तेव्हा मुलांना जरूर घेऊन जा. आणि जाण्याआधी त्या बारा जणांची नावं त्यांच्याकडून एकदा म्हणवून घ्या.

जय जिनेंद्र.