काला अंब : वस्त्रव्यापार आणि आयातशुल्काची वैधता

काला अंब हे हरियाणातील पानिपत शहराजवळचे युद्धस्मारक. 14 जानेवारी 1761 च्या संग्रामासाठी पहा : पानिपतची तिसरी लढाई. ही नोंद परिसरातील कापडधंद्याला लागू होणाऱ्या व्यापारकायद्यापुरती आहे.

धंदा : फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या विणकरांमुळे वाढला. सतरंज्या, पायपुसणी, ब्लँकेटे, पडदे.

चिंध्यांची आयात : परदेशातल्या जुन्या लोकरी कपड्यांपासून येथे ‘शॉडी’ सूत निघते. वापरलेले कपडे (शुल्कशीर्ष 6309) भारतात परवान्याविना आणता येत नाहीत. चिंध्या (6310) आणता येतात. म्हणून गाठोड्यातला कोट पुन्हा अंगात घालता येणार नाही असा चिरलेला असावा लागतो. तो कितपत चिरला म्हणजे चिंधी झाली, यावर सीमाशुल्क खात्याशी वाद होतात. पुढे बायका बटणे आणि चेनी कापून रंगवार ढीग लावतात.

अमेरिकी शुल्क, 2025 : अमेरिका हे येथील मोठे गिऱ्हाईक. भारतीय मालावर 7 ऑगस्टपासून 25 टक्के आणि रशियन तेलखरेदीचे कारण देऊन 27 ऑगस्टपासून आणखी 25 टक्के जादा शुल्क बसले. दुसऱ्या वाढीतून 27 ऑगस्टपूर्वी जहाजावर चढलेला व 17 सप्टेंबरपूर्वी अमेरिकेत दाखल झालेला माल वगळला होता. त्यामुळे एकाच मागावरच्या, एकाच मागणीच्या दोन खेपांचे भवितव्य जहाजभरणीच्या तारखेवर ठरले. शुल्क भरतो तिकडचा आयातदार. तो सूट मागतो ती मात्र इकडच्या कारखानदाराकडे.

वैधता : (अ) जागतिक व्यापार संघटना. गॅट कराराच्या कलम 1 नुसार सर्व सदस्यांना समान वागणूक द्यावी लागते. कलम 2 नुसार कबूल केलेल्या कमाल दराबाहेर जाता येत नाही. एका देशापुरते वाढवलेले शुल्क सकृद्दर्शनी दोन्हींत बसत नाही. कलम 21 मधील सुरक्षेचा अपवाद कुठवर ताणता येतो, याबद्दल मतभेद आहेत. डिसेंबर 2019 पासून अपील मंडळ गणसंख्येअभावी बंद असल्याने निवाडा मिळाला तरी तो अपिलात अडकून पडू शकतो.

(आ) अमेरिकी न्यायालये. शुल्क लावण्याचा अधिकार तिथल्या राज्यघटनेने संसदेला दिला आहे. राष्ट्राध्यक्षांनी आधार घेतला तो 1977 च्या आणीबाणीविषयक आर्थिक अधिकारांच्या कायद्याचा. त्यात आयातीचे ‘नियमन’ आहे, ‘शुल्क’ हा शब्द नाही. आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने 28 मे 2025 रोजी या कायद्याखालचे आधीचे शुल्कआदेश बेकायदा ठरवले. 29 ऑगस्टला अपील न्यायालयाने 7 विरुद्ध 4 मतांनी तेच मत दिले. 20 फेब्रुवारी 2026 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी या कायद्यात शुल्काचा अधिकार नसल्याचा निर्णय दिला.

विणकराचे स्थान : प्रस्तुत लेखकाच्या मते हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. जागतिक व्यापार संघटनेत दाद फक्त सरकारांना मागता येते. अमेरिकेत परतावा मिळायचा तर तो शुल्क भरणाऱ्या आयातदाराला. सूट देऊन नफा गमावलेल्या पानिपतच्या कारखानदाराला या दोन्ही दारांत जागा नाही. त्याच्या हाती उरतो तो खरेदीदाराशी झालेला करार. नव्या दराचा बोजा कोणी उचलायचा याचे कलम त्यात नसेल, तर सूट दिल्यावर परत मागायला आधार राहत नाही. माग थांबलेल्या दिवसांची मजुरी कोणत्याच दाव्यात मोजली जात नाही.

गुंतवणूक-करार : पहा : दाभोळ वीजप्रकल्प.