थर्ड बेस: दोनदा मिटलेले दार

१/ इ.स. १८९४. अमेरिकेतील बॉस्टन शहर. मायकेल मॅकग्रीव्ही या आयरिश वंशाच्या बेसबॉलवेड्या गृहस्थाने एक मद्यगृह उघडले आणि त्याचे नाव ठेवले ‘थर्ड बेस सलून’. (हे सलून केस कापण्याचे नव्हे, त्या काळी अमेरिकेत मद्यगृहाला सलून म्हणत.) अमेरिकेतील पहिला स्पोर्ट्स बार म्हणून अनेक जण याच जागेचे नाव घेतात.

२/ नावातच विनोद होता. बेसबॉलमध्ये धावपटू पहिला, दुसरा, तिसरा असे तळ ओलांडून ‘होम’ला पोहोचतो. म्हणजे तिसरा तळ हा घराआधीचा शेवटचा थांबा. दिवसभराचे काम संपवून घराकडे निघालेल्या माणसाला याहून अचूक पाटी कोणती हवी?

३/ बटाट्याच्या दुष्काळानंतर लाखो आयरिश लोक अमेरिकेत आले. बॉस्टनच्या जुन्या प्रतिष्ठितांनी त्यांना दीर्घकाळ उंबऱ्याबाहेरच ठेवले. अशा समाजाला मद्यगृह ही केवळ पिण्याची जागा नव्हती. तेथे ओळखी होत, राजकारण शिजे आणि मैदानावरील आयरिश आडनावांचा अभिमान उघडपणे मिरवता येई.

४/ भिंती खेळाडूंच्या छायाचित्रांनी भरलेल्या. खेळाडूंनी वापरलेल्या बॅटींपासून बनवलेले दिवे. वाद विकोपाला गेला की मालक निवाडा देई आणि वर म्हणे ‘नफ सेड’, म्हणजे ‘बस, विषय संपला!’ हेच त्याचे टोपणनाव झाले.

५/ ‘रॉयल रूटर्स’ या कट्टर चाहत्यांचा अड्डा येथेच होता. १९०३ च्या पहिल्या आधुनिक वर्ल्ड सिरीजमध्ये बॉस्टनचा संघ पिट्सबर्गविरुद्ध १–३ असा मागे पडला होता. तेव्हा पिट्सबर्गमध्ये गेलेल्या या मंडळींनी ‘टेसी’ हे नाटकातील गाणे शब्द बदलून, प्रतिस्पर्ध्यांना डिवचत, अखंड गायले. बॉस्टनने सलग चार सामने जिंकून मालिका ५–३ अशी खिशात घातली.

६/ या चाहत्यांत जॉन फिट्झजेराल्ड हेही होते. पुढे ते बॉस्टनचे महापौर झाले. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी हे त्यांचे नातू.

७/ १९१२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये रूटर्सच्या ठरलेल्या जागा दुसऱ्यांनाच विकल्या गेल्या. त्यांनी मैदानातून हटण्यास नकार दिला, तेव्हा घोडेस्वार पोलिसांनी त्यांना मागे रेटले. दुसऱ्या दिवशीच्या निर्णायक सामन्याकडे अनेकांनी पाठ फिरवली. बॉस्टनने विजेतेपद मिळवले, ते अर्ध्या रिकाम्या मैदानात. निष्ठेला गृहीत धरले की काय होते, हे व्यवस्थापनाला त्या दिवशी दिसले.

८/ १९२० साली दारूबंदीचा कायदा लागू झाला आणि ‘थर्ड बेस’ बंद पडले. पण मॅकग्रीव्हीने आपली छायाचित्रे विकली नाहीत की माळ्यावर टाकली नाहीत. ती बॉस्टन सार्वजनिक ग्रंथालयाला दिली. मद्यगृहाची वास्तूही १९२३ साली याच ग्रंथालयाची शाखा झाली. जेथे ग्लास किणकिणत होते, तेथे मुले पुस्तके वाचू लागली.

९/ २००४ साली ‘ड्रॉपकिक मर्फीज’ या बॉस्टनच्या बँडने ‘टेसी’ नव्या रूपात आणले. त्याच वर्षी रेड सॉक्स संघाने ८६ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. २००८ मध्ये या बँडचे केन केसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉयल्स्टन स्ट्रीटवर ‘मॅकग्रीव्हीज’ उघडले. भिंतींवर पुन्हा तेच जुने चेहरे आले.

१०/ २०२० साली कोरोनाच्या साथीत तेही बंद झाले. पहिले दार कायद्याने मिटवले, दुसरे साथीने. मध्ये बरोबर १०० वर्षे.

११/ १८९४ चा तो बार पुन्हा उभा करता आला, कारण त्याच्या भिंती कशा होत्या हे ठाऊक होते; आणि ते ठाऊक होते, कारण एका मद्यगृहाच्या मालकाला भिंतीवरची छायाचित्रे इतिहास वाटली होती. आपल्याही गल्लीतील एखादे जुने हॉटेल, तालीम किंवा वाचनालय आज ना उद्या बंद होईल. कुलूप लागण्यापूर्वी तेथील भिंतींची छायाचित्रे कोणी जपून ठेवली आहेत का?