सातपुड्याच्या माथ्यावरील पाणी आणि झेरघाटातील वाटसरू

उंच डोंगरावरील जलाशयाच्या दर्शनासाठी पायी जावे, तेथे दिवस-दोन दिवस मुक्काम करावा आणि देहमनाने ताजेतवाने होऊन परतावे, हा छंद आपण इंग्रजांपासून उचलला, असा समज आपल्या सुशिक्षित वर्गात रूढ आहे. आपले पूर्वज डोंगरावर गेले ते देवासाठी अथवा लढाईसाठी. निव्वळ आनंदासाठी डोंगर चढणे त्यांस ठाऊक नव्हते, असे या मताचे सार आहे. पांढुर्णा व सौंसर या दोन मराठी तालुक्यांच्या अनुभवाच्या आधारे हे मत तपासून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम युरोपाकडे पाहू. कारण या छंदाचे माहेर आल्प्स पर्वत समजले जाते. तेथील उंचावरची सरोवरे बहुतांशी हिमनद्यांनी कोरलेली आहेत. परंतु त्यांच्या काठी आनंदाने जाण्याची प्रथा तेथेही फार जुनी नाही. ल्यूसर्न नगराजवळ पिलाटुस नावाचा पर्वत आहे. त्यावरील एका लहानशा तळ्यात, येशूला सुळावर देणाऱ्या पायलटचा आत्मा वसतो व पाण्यात दगड पडल्यास तो खवळून वादळ उठवितो, अशी लोकसमजूत होती. १३८७ साली हा पर्वत चढू पाहणाऱ्या सहा धर्मोपदेशकांना नगराने कैदेत टाकले. १५५५ साली झुरिकचा पंडित कोनराड गेसनर परवानगी घेऊन वर गेला व डोंगर चढण्यातील आनंदाविषयी त्याने लिहिले. १५८५ साली योहान म्युलर या पाद्र्याने सर्वांसमक्ष तळ्यात दगड टाकून दाखविले. वादळ आले नाही. तरीही १५९४ साली ते तळे फोडून रिकामे करण्यात आले! इंग्लंडातील आल्पाइन क्लब स्थापन झाला तो पुढे १८५७ साली. तात्पर्य, डोंगरावरच्या पाण्याचे भय जाऊन त्याची ओढ वाटू लागणे, हे युरोपातही इतिहासक्रमाने घडलेले परिवर्तन आहे.

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. छिंदवाड्याच्या पठाराखाली, नागपूरच्या सपाटीला लागून असलेल्या मुलखास जुन्या दप्तरांत 'झेरघाट' म्हणजे घाटाखालचा प्रदेश म्हटले आहे. सौंसरहून छिंदवाड्याकडे जाणारा सिल्लेवानी घाट चढून वर जातो. पांढुर्ण्याहून मुलताईकडे जाणारी आगगाडी तिगाव-चिचोंड्याचा घाट चढते. येथील माणसाच्या दृष्टीस रोज डोंगर पडतो. बाहेरचे लोक पांढुर्ण्यास ओळखतात ते संत्र्यांमुळे, किंवा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीमुळे. या लोकांच्या पायांचा इतिहास मात्र कोणी लिहिलेला नाही.

सातपुड्यावर हिमनद्यांनी कोरलेली सरोवरे नाहीत. येथे माथ्यावर जे पाणी साठलेले आढळते, ते एक तर कातळातून पाझरणाऱ्या झऱ्याचे असते, नाही तर माणसाने खोदलेल्या टाक्यातले किंवा बांध घालून अडविलेले असते. पावसाळ्यात धो धो वाहून जाणारे पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकविण्याची ही विद्या होती. सौंसरच्या उत्तरेस डोंगरात देवगडचा किल्ला आहे. गोंड राजांची ही राजधानी. याच घराण्यातील बख्त बुलंद याने पुढे नागपूर नगर वसविले, आणि अठराव्या शतकाच्या मध्यास हे राज्य नागपूरकर भोसल्यांच्या हाती गेले. या गडावरील 'मोती टाका' आपल्या निर्मळ पाण्यासाठी ख्यात आहे. पश्चिमेस, याच सातपुड्याच्या रांगेत १४२५ साली अहमदशाह बहमनीने बांधविलेल्या गाविलगडावरही तलाव आहेत. १८०३ च्या डिसेंबरात वेलस्लीने तो गड घेतला, हे शाळेतील मुलांस शिकविले जाते. पण एवढ्या उंचीवर शिबंदीला वर्षभर पाणी कोणी पुरविले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ज्या गवंड्यांनी व बेलदारांनी हे तलाव घडविले, त्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत.

गडावरचे पाणी शिबंदीचे होते. सामान्य रयत वर जाई ती तीर्थाच्या पाण्यासाठी. पांढुर्ण्याहून घाट चढून गेले की मुलताई लागते. 'मूळतापी' या शब्दापासून हे नाव आले. सुमारे ७५० मीटर उंचीवरील या गावातील कुंड तापीचे उगमस्थान म्हणून पूज्य आहे, आणि आषाढ शुद्ध सप्तमीस तापीजयंतीला तेथे यात्रेकरू जमतात. याच पठारावर वर्धा नदीही उगम पावते. एक पाणी पश्चिमेस सुरतेजवळच्या समुद्राला जाते. दुसरे वैनगंगेस मिळून, गोदावरीतून पूर्वसमुद्राला जाते. पांढुर्ण्याच्या नैर्ऋत्येस साळबर्डीचा डोंगर आहे. तेराव्या शतकात श्रीचक्रधरांनी तेथे एकान्तवास केला, असे महानुभाव परंपरा सांगते. म्हणजे मराठी गद्याच्या आरंभकाळापासून या डोंगराशी आपल्या भाषेचा संबंध आहे.

परंतु या मुलखाची सर्वांत मोठी पदयात्रा म्हणजे पचमढीच्या महादेवाची होय. महाशिवरात्रीस नवसाचे त्रिशूळ खांद्यावर घेऊन विदर्भातील व झेरघाटातील माणसे सुमारे १३०० मीटर उंचीच्या चौरागडावर जातात. श्रावणात नागपंचमीच्या सुमारास नागद्वारची यात्रा भरते. तेव्हा भर पावसात, निसरड्या वाटांनी, धबधबे व झरे ओलांडीत डोंगरामागून डोंगर चढावे-उतरावे लागतात. वाटेवर महादेवाची गाणी म्हटली जातात. शिदोरी झऱ्याकाठी सोडावयाची, पाणी ओंजळीने प्यावयाचे, रात्री ओळखीअनोळखीच्या माणसांसह एका आडोशाला पडावयाचे, असा हा क्रम. घरी परतल्यावर देवदर्शनाचे वर्णन दोन वाक्यांत संपते. चढण, धुके, पाऊस आणि पाणी यांचे वर्णन मात्र वर्षभर पुरते. यात आनंद नव्हता, असे कोण म्हणेल?

अशा स्थितीत 'शोध' हा शब्द आपण जपून वापरला पाहिजे. १८२३ साली हैदराबादच्या फौजेतील कॅप्टन रॉबिन्सन याने चिखलदरा 'शोधून काढला', असे लिहिले जाते; गाविलगड तर शेजारीच चारशे वर्षे उभा होता. १८६२ साली जेम्स फॉर्सिथ पचमढीस आला व तेथे त्याने बायसन लॉज बांधला, म्हणून पचमढीच्या शोधाचे श्रेय त्यास दिले जाते. परंतु १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्याच ग्रंथात महादेवाच्या यात्रेचे वर्णन आहे. जेथे कोरकू व गोंड पिढ्यान्‌पिढ्या राहत होते आणि जेथे यात्रेकरूंच्या पायवाटा पडलेल्या होत्या, ते स्थळ अज्ञात कसे म्हणावे?

तथापि न्याय दोहोंकडून करावा लागतो. साहेबाने एक नवी गोष्ट आणली, हे मान्य केले पाहिजे. नवसाचे निमित्त नसताना, केवळ प्रकृतीसाठी व मनोरंजनासाठी डोंगरावर जाणे योग्य आहे, असे त्याने उघडपणे मानले, आणि त्यासाठी रस्ते, बंगले व तलाव बांधले. या नव्या रीतीत मराठी मनुष्यही मागे राहिला नाही. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव १८४२ साली साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी बांधविला. तेव्हा यात्रेकरूचा आनंद निमित्ताच्या आड लपलेला होता आणि साहेबाचा आनंद उघडा होता, एवढाच भेद मला दिसतो. आनंदाची जात एकच.

हे दोन्ही प्रवाह एकत्र आलेले पाहावयाचे असतील, तर गो. नी. दांडेकरांचे उदाहरण घ्यावे. चिखलदऱ्याच्या पायथ्याशी परतवाड्यास १९१६ साली त्यांचा जन्म झाला. नर्मदेची परिक्रमा त्यांनी यात्रिकाच्या श्रद्धेने केली आणि गडकिल्ले ते रसिकाच्या दृष्टीने हिंडले. दोन्ही भ्रमणांच्या गाथा त्यांनी मराठीस दिल्या. चालणाऱ्या असंख्यांपैकी एकाने लिहिले, म्हणून ते चालणे वाङ्मयात आले. झेरघाटातील ज्या स्त्रीपुरुषांनी नागद्वारच्या वाऱ्या केल्या, त्यांनी लिहिले नाही. म्हणून त्यांचे चालणे जणू घडलेच नाही.

येथेच हा विषय केवळ कुतूहलाचा राहत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशातच राहिले. २०२३ साली या भागाचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. सीमारेषा बदलल्या, तरी सीमेच्या अलीकडचा व पलीकडचा मराठी मनुष्य महादेवाच्या वाटेवर एकत्र चालत राहिला. शाळेत हिंदी शिकलेल्या नातवाने आजीच्या तोंडून ऐकलेली गाणी, चढणींची नावे, झऱ्यांची नावे, हे या भागातील मराठीचे लेखी नसलेले भांडार होय. नागद्वारची वाट आज व्याघ्रप्रकल्पाच्या अरण्यातून जाते व यात्रेचे मोजके दिवसच मोकळी असते. जंगलाच्या रक्षणासाठी ते योग्यही आहे. परंतु जी वाट वर्षात थोडे दिवस उघडते, तिची स्मृती लवकर पुसट होते, आणि ती सांगणारी पिढी आता थकली आहे.

म्हणून अध्यापकांस एक विनंती करावीशी वाटते. विद्यार्थ्यांस देवगडच्या टाक्यापर्यंत पायी न्यावे. हे पाणी कसे अडविले, ते त्यांस समक्ष पाहू द्यावे. मग प्रत्येकाने घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे: आपण महादेवाला कोणत्या वाटेने गेलात? पहिला मुक्काम कोठे पडला? कोठले पाणी प्यालात? वाटेत काय गायलात? उत्तरे त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यावीत. शुद्ध करू नयेत. पाणी माथ्यावर अडविले नाही तर ते वाहून जाते, हे देवगड बांधणाऱ्यांस कळले होते. माणसांच्या आठवणींचेही तसेच आहे.