कान्हेरी : एक वसतिगृह

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकातून सहा-सात किलोमीटर आत गेलं की कान्हेरीचा डोंगर लागतो. पावसाळ्यातल्या रविवारी तिथं ही गर्दी. पाण्यात भिजणारे, जोडपी, माकडांना चणे टाकणारे. आपलीही पोरं असतात. बुद्धापुढं हात जोडतात, फोटो काढतात, उतरतात. बरोबर म्हातारं माणूस असलं तर ते सांगतं, हे पांडवांनी एका रात्रीत कोरलं. एका रात्रीत! रातपाळीत किती काम उरकतं ते आम्हाला विचारा.

मित्रांनो, या डोंगरावर माणसं सुमारे हजार वर्षं राहत होती. शंभरावर लेणी आहेत. त्यातल्या एखाद्यात शिरा; पण देवळात शिरल्यासारखं नको, खोली बघायला आल्यासारखं शिरा. पुढं ओटा. आत खोली. झोपायला दगडातच ठेवलेला बाक. दाराशी पाण्याचं टाकं, आणि डोंगरावरचं पावसाचं पाणी त्यात आणणाऱ्या पन्हाळी. दहा बाय दहात सात जणांनी दिवस काढलेल्या माणसाला हे चटकन कळतं. इथं एकेकाला अभ्यासाला जागा होती!

अकराव्या लेण्याला 'दरबार' म्हणतात. दरबार कसला? राजा नव्हता तिथं. जमिनीला धरून दोन लांब दगडी बाक आहेत. सभा बसायची. 'विद्यापीठ' हा शब्द आपण आज लावतो. पण शिकणं कसं चालायचं ते विनयाच्या ग्रंथांत आहे. शिष्यानं सकाळी उपाध्यायाला दातवण, पाणी द्यायचं. आणि शिष्य आजारी पडला तर उपाध्यायानं त्याची शुश्रूषा करायची. गुरूनं शिष्याची! अंगठा मागणारा गुरू पुराणात शिकलेल्या देशात हे ठळक अक्षरांत छापायला पाहिजे. पंगतीतला मान दीक्षेच्या दिवसावरून ठरायचा, जातीवरून नाही. पावसाळ्याचे तीन महिने एका जागी मुक्काम. बाकीच्या दिवसांत भिक्षेला डोंगर उतरायचा, परत चढायचा.

आता वाट. कल्याणच्या नड नावाच्या लोहारानं इथं वाट करून दिली. तसं दगडात लिहिलंय. कल्याणच्याच सामिदत्त सोनारानं पाण्याची पोढी, म्हंजे टाकं, दिलं. मोठं चैत्य दोन व्यापारी भावांनी सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळात करवलं, त्यांच्याकडं पैसा होता. भिक्षुणींचीही दानं आहेत. पण मी अडकतो तो लोहाराशी. ऐरणीवरच्या माणसाला दुसऱ्याच्या शिकण्याची वाट करून द्यावीशी वाटली. त्याचं नाव राहिलं. चैत्याच्या लेखात दगड फोडणारे, घोटणारे येतात ते मात्र कामाच्या नावानं. मस्टरवर नंबर असतो तसे.

नवव्या शतकातले लेख तर हिशेबाच्या वहीसारखे आहेत. शके 765 चा, म्हंजे इसवी सन 843 चा लेख बघा. राष्ट्रकूट अमोघवर्षाचं राज्य, त्याच्या हाताखाली कोकणात शिलाहार. द्रम्म ठेवलेत, त्यातून बुद्धाच्या पूजेला इतके, विहाराच्या डागडुजीला इतके, कपड्याला इतके. आणि पुस्तकांसाठी वेगळे. पुस्तकांसाठी! आमच्या वस्तीत वर्गणी निघते ती मांडवाची आणि लाऊडस्पीकरची. दहाएक वर्षांनी दूरच्या गौड देशातला, म्हंजे बंगालकडचा, अविघ्नाकर नावाचा उपासक इथं भिक्षूंच्या खोल्यांसाठी पैसे देतो.

लेणं क्रमांक 90 मध्ये पारशी पाहुण्यांनी पहलवी लिपीत आपली नावं आणि तारखा कोरल्यात, 1009 आणि 1021 सालच्या. म्हंजे हजार वर्षांपूर्वीही इथं बघायला येणारे होते, आणि नावं लिहून जायची खोडही तेव्हाचीच.

पुढं डोंगर ओस पडला. जिथं शिकवणारे मेल्यावर त्यांचे विटांचे छोटे स्तूप बांधले होते, त्या सत्त्याऐंशी नंबरच्या लेण्यात आता विटांचे पाये तेवढे दिसतात.

बाबासाहेबांनी 1946 साली मुंबईत कॉलेज काढलं, नाव दिलं सिद्धार्थ. 1950 साली औरंगाबादला काढलं, त्याचं पुढं मिलिंद झालं. भिक्षू नागसेनाला एकामागून एक प्रश्न विचारणाऱ्या राजाचं नाव. उत्तर देणाऱ्याचं नाव परिसराला, नागसेनवन, विचारणाऱ्याचं कॉलेजला. ह्यावर आपण कधी बोललोय का?

रात्रशाळेतून दहावीला बसलो तेव्हा घरी दिवा होता, पण बसायला जागा नव्हती. चार-पाच रविवार मी कान्हेरीच्या वरच्या अंगाच्या एका ओट्यावर बीजगणित केलं. दगड थंड. खाली पिकनिकवाल्यांचा गलका पोचत नाही. संध्याकाळी पहारेकरी शिट्टी मारत यायचा, वही बघायचा, म्हणायचा, "झालं का नाय अजून?"

तीच जागा दाखवतो. येत्या रविवारी सकाळी फाटकापाशी या, सोमवारी उद्यान बंद असतं. लेण्यांचं तिकीट वेगळं पडतं. भाकरी आणि पुस्तकं आपापली आणा.